सेंटिनल नोड बायोप्सी: 'निगेटिव्ह' म्हणजे किती खात्री?

स्तनाचा कॅन्सर पसरताना बहुतेकदा आधी काखेतल्या लसिका ग्रंथींत जातो. पूर्वी या ग्रंथी सरसकट काढायचे, त्यामुळे अनेकींच्या हाताला कायमची सूज यायची. आता निळा डाय किंवा किरणोत्सारी द्रव टोचतात. तो आधी पोहोचतो त्या मोजक्या ग्रंथीच काढून तपासतात.

चुकतं का? हो. अमेरिकेतल्या बी-३२ चाचणीत ग्रंथींत कॅन्सर असलेल्या दर १०० पैकी सुमारे १० जणींचा सुटला. सगळ्या १०० पेशंटपैकी नव्हे!

किरणोत्सारी द्रव सगळीकडे मिळत नाही. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने २०१३ मध्ये दाखवलं, की काखेच्या खालच्या भागातल्या ग्रंथी काढून तपासल्या तरी अचूकता जवळपास तेवढीच. अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यासाठी हे मोलाचं.

घरात कुणाचं ऑपरेशन असेल, तर डॉक्टरांना विचारा: पद्धत कोणती? ग्रंथी किती काढणार?