कुलाब्याची रात्रपाळी

मुंबईच्या दक्षिण टोकाला, नेव्ही नगरच्या पुढे समुद्राला लागून टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. पाहुण्यांच्या लक्षात राहते ती तिथली हिरवळ आणि भिंतींवरची चित्रं. त्याच आवारात 25 मीटर उंच आणि 6 मीटर व्यासाची एक पोलादी टाकी उभी आहे. तिचं नाव पेलेट्रॉन. ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि ही संस्था यांनी मिळून ती उभारली आणि 1988च्या अखेरीस ती सुरू झाली. अणूच्या गाभ्याला धडक देऊन पाहणाऱ्या मंडळींचं निम्मं आयुष्य हिच्या पायथ्याशी जातं, तेही बरंचसं रात्री.

आत काय चालतं, हे समजायला विहिरीवरचा रहाट आठवावा. गाडग्यांची माळ पाणी वर आणते, तशी इथे पोलादी गोट्यांची माळ विद्युतभार वाहते. गोट्या एकमेकींना नायलॉनच्या कड्यांनी जोडलेल्या. या ‘पेलेट्स’वरूनच यंत्राचं नाव पडलं. ही माळ फिरत राहते आणि टाकीच्या मध्यावरच्या टर्मिनलवर भार साचवते, जास्तीत जास्त 1 कोटी 40 लाख व्होल्टपर्यंत. एवढ्या व्होल्टेजला साध्या हवेत ठिणग्या उडतील, म्हणून टाकीत सल्फर हेक्साफ्लोराइड वायू दाबून भरलेला असतो. दुरुस्तीसाठी टाकी उघडायची तर आधी हा सगळा वायू उपसून साठवणटाकीत न्यावा लागतो. तो महाग तर आहेच, शिवाय हवेत सुटला तर उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून भारी.

आता गंमत अशी की एकच व्होल्टेज दोनदा कामाला येतं. टाकीच्या माथ्यावर कार्बनच्या अणूला एक जादा इलेक्ट्रॉन चिकटवतात. ऋण झालेला हा अणू धन टर्मिनलकडे ओढला जातो. तिथे एक अतिपातळ कार्बनचा पापुद्रा असतो. त्यातून पार होताना अणूचे इलेक्ट्रॉन सोलले जातात आणि तो धन होतो. मग जे टर्मिनल त्याला ओढत होतं तेच आता खाली ढकलून देतं. सहाही इलेक्ट्रॉन निघाले तर हिशेब येताना 14 अधिक जाताना त्याच्या सहापट 84, म्हणजे 98 एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट). प्रकाशाच्या वेगाच्या तेरा टक्के.

पेलेट्रॉन अमेरिकेहून आला. त्याच्या पुढचं यंत्र मात्र घरचं आहे. आणखी जड अणू पळवायचे तर जास्त जोर हवा, म्हणून इथल्या लोकांनी अतिसंवाहक लिनॅक, म्हणजे रेषीय त्वरक, बांधला. सात क्रायोस्टॅट, म्हणजे अतिथंड पेट्या, प्रत्येकात चार याप्रमाणे अणूंना पुढे ढकलणारे 28 रेझोनेटर. तांब्याचे घडवलेले, त्यांवर शिशाचा मुलामा. शिसं उणे 266 अंशांच्या खाली अतिसंवाहक होतं, म्हणून हे सगळं द्रवरूप हेलियमने गार ठेवायचं. शिशाच्या पृष्ठभागाला हवा लागली की तो काळवंडतो आणि रेझोनेटर बिघडतो. म्हणजे भांड्याला कल्हई करणाऱ्याची नजर आणि सर्जनची स्वच्छता एकाच माणसात हवी. 2007मध्ये हा लिनॅक वापरासाठी खुला झाला. माझ्या मते या आवारातली खरी अभिमानाची वस्तू हीच, पण पाहुणे पाहतात ती टाकी.

बीमटाइम, म्हणजे यंत्र वापरायला मिळणारा वेळ, मोजका आणि मागणारे पुष्कळ. प्रस्ताव तपासून समिती दिवस वाटून देते. ते मिळाले की आठ-आठ तासांच्या पाळ्या लावून अहोरात्र मोजणी. त्याआधीची तयारी मात्र महिनोन् महिने चालते. ज्यावर अणू आदळवायचे त्या टार्गेटचंच पाहा. ते जाड असेल तर अणू त्यातच दमून जातो. म्हणून धातू दोन पोलादी पत्र्यांमध्ये ठेवून पापडासारखा लाटत न्यायचा आणि फाटण्याआधी थांबायचं. हे पुस्तकातून येत नाही. गॅमा किरण टिपणारे जर्मेनियमचे डिटेक्टर द्रवरूप नायट्रोजनवर जगतात, त्यांना वेळेवर तो पाजावा लागतो. अशा डिटेक्टरांचा ‘इंगा’ हा राष्ट्रीय संच तर विंचवाच्या बिऱ्हाडासारखा मुंबई, दिल्ली, कोलकाता असा फिरत आलेला आहे.

एवढं करून हाती काय लागतं? बहुधा एखादा आलेख. पण त्यातल्या एका आलेखाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत थोरियम आहे आणि त्यापासून इंधन करायचं तर वाटेत प्रोटॅक्टिनियम-233 लागतं. त्यावर वेगवान न्यूट्रॉन आदळला तर ते किती वेळा फुटेल? थेट मोजणं अवघड, कारण हे समस्थानिक 27 दिवसांत निम्मं उरतं. भाभा केंद्राच्या गटाने आडवाट धरली. लिथियम-6चा बीम थोरियमवर सोडला. लिथियमने एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन थोरियमला देऊन टाकला, उरलेला अल्फा कण बाहेर पडला. जो नवा अणुगर्भ तयार झाला तो प्रोटॅक्टिनियम-234, अगदी तोच, जो न्यूट्रॉन गिळल्यावर झाला असता. अल्फा कण मोजायचे आणि त्यांच्या जोडीला फुटलेल्या गर्भाचे तुकडे टिपायचे. असे तुकडे टिपायला ट्रॉम्बेची मंडळी सौरघटही वापरत आली आहेत. छपरावर ऊन पितात त्याच जातीचे.

युरेनियमच्या माहीत असलेल्या आकड्यांशी गुणोत्तर लावून त्यांनी उत्तर काढलं. ते उत्तर ‘बार्न’ या एककात येतं. या इंग्रजी शब्दाचा अर्थ धान्याचं कोठार. अणुगर्भ म्हणजे नेम न चुकावा एवढं मोठं कोठारच, अशी अमेरिकन शास्त्रज्ञांनी युद्धकाळात केलेली ती थट्टा. क्षेत्रफळ मात्र एका चौरस सेंटिमीटरच्या दशलक्षाव्या भागाचा दशलक्षावा, आणि त्याचाही पुन्हा दशलक्षावा, तोही आणखी एकदा.

हे काम मांडणारा निबंध 2008मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू सी’त आला. त्यात मोजलेली न्यूट्रॉनच्या ऊर्जेची पट्टी 11.5 ते 16.5 एमईव्ही, म्हणजे अवघी 5 एमईव्ही रुंद.