पाहिलेलं आणि ऐकलेलं

गुप्तहेर म्हटलं की मला बाबूराव अर्नाळकरांचा धनंजय आठवतो. पण खऱ्या खासगी डिटेक्टिव्हच्या वाट्याला खून-दरोडे फारसे येत नाहीत. तो तपास पोलिसांचा. त्याच्याकडे येतात मुलीचे वडील. मुलगा सांगतो तीच नोकरी करतो ना? आधी लग्न झालंय का? पूर्वी ही चौकशी घरातले मामा नाहीतर मामूजान गुपचूप करून यायचे. शहरात शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही, म्हणून ती पैसे देऊन करून घ्यावी लागते.

कामाची रीत साधी. टपरीवर चहा पीत सोसायटीच्या फाटकाकडे लक्ष ठेवायचं, वॉचमनशी, इस्त्रीवाल्याशी गप्पा मारायच्या, वेळ-ठिकाण टिपायचं. कधी दिवसभर बसूनही हाती काही लागत नाही.

अधिकार म्हणाल तर तुमच्या-माझ्याइतकेच. कुणाच्या फोनचे तपशील चोरून मिळवणं हा गुन्हाच. या व्यवसायाला परवाना सक्तीचा करणारं विधेयक २००७ साली राज्यसभेत आलं. त्याचा कायदा झाला नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला.

मला काळजी वाटते ती ज्याची चौकशी होते त्याची. कुणाचा रागातला एक शब्द अहवालात शिरला, की जुळलेलं लग्न मोडतं आणि का मोडलं, हे त्याला कळतही नाही. म्हणून चांगला डिटेक्टिव्ह सांगोवांगी लिहीत नाही, आणखी दोन ठिकाणी पडताळून पाहतो. अहवाल हाती घेणाऱ्यानंही एवढं विचारावं : हे तुम्ही पाहिलंत, की नुसतं ऐकलंत?