खुंटाचा जोर (फळबागेचे शास्त्र : लेखांक ७)

डोळा भरण्याची क्रिया आपण मागील लेखांकात पाहिली. तिच्यातूनच उद्भवणारा, आणि काटोल-नरखेडपासून वरुड-मोर्शीपर्यंतच्या संत्रा बागायतदारांना वारंवार पडणारा प्रश्न आज विचारात घ्यावयाचा आहे. एकाच मातृवृक्षावरचे डोळे, एकाच हंगामात, एकाच कसबी हाताने भरले असताही काही कलमे झपाट्याने वाढतात आणि काही वर्षानुवर्षे खुरटी राहतात, याचे कारण काय?

या प्रश्नाचा उलगडा निवडुंगाच्या कलमात फार स्पष्ट दिसतो. शहरातील रोपवाटिकांतून तीनधारी हिरव्या खोडावर बसविलेला जो लाल गोळा विक्रीस ठेवलेला असतो, त्याच्या अंगी हरितद्रव्यच नसते; त्याचे सर्व पोषण खालच्या खोडाकडून, म्हणजे ड्रॅगन फ्रूटच्याच कुळातील वनस्पतीकडून होते. पेरेस्किऑप्सिस नावाच्या पानाळू, शीघ्रगती निवडुंगावर मंदगती जातीची कोवळी रोपे बांधली, तर स्वतःच्या मुळांवर जो आकार गाठावयास त्यांना वर्षे लागली असती, तो ती काही महिन्यांत गाठतात. वरचा जीव तोच. बदलले ते केवळ मूळ. यावरून वाढीचा वेग मुख्यतः खुंट, म्हणजे कलमाचा मुळाकडील भाग, ठरवितो हे उघड होते.

खुंट हे कसे साधतो? साल आणि लाकूड यांच्यामध्ये वर्धनशील पेशींचा एक पातळ थर, ज्याला ऊतककर म्हणतात, असतो. डोळ्याचा आणि खुंटाचा हा थर एकमेकांस जेवढा भिडेल, तेवढ्या अधिक वाहिन्या जुळतात आणि तेवढे पाणी व क्षार वर चढतात. परंतु सांधा निर्दोष असूनही फरक राहतोच, कारण मुळांच्या अग्रांत निर्माण होऊन वर जाणारी आणि शेंड्याकडून खाली उतरणारी अशी दोन्ही प्रकारची वृद्धिद्रव्ये या देवघेवीत सामील असतात. म्हणूनच खुंट वाढ रोखूही शकतो: इंग्लंडमधील ईस्ट मॉलिंग येथे सफरचंदाच्या खुंटांची जी वर्गवारी झाली, तीतील ‘एम ९’ हा खुंट वरच्या झाडाला ठेंगणे ठेवतो.

आपल्या भागात जंबेरी आणि रंगपूर लिंबू हे दोन खुंट प्रचलित आहेत. जंबेरीचा जोर मोठा; तिच्यावरील झाड लवकर भरते, म्हणून पन्हेरीवाल्यांची आणि ग्राहकांचीही तिच्यावर मर्जी असते. पण हा जोर फुकट मिळत नाही. जोमदार खुंट फळात पाणी अधिक लोटतो, त्यामुळे जंबेरीवरील फळाची गोडी पातळ होण्याकडे कल असतो. शिवाय पाणी धरून ठेवणाऱ्या भारी काळ्या जमिनीत ज्या बुरशीमुळे डिंक्या होतो, तिला जंबेरी सहज बळी पडते. रंगपूर क्षार अधिक सोसणारा आणि अवर्षणातही तग धरणारा आहे. ब्राझीलच्या साओ पावलो प्रांतात 1937 च्या सुमारास ट्रिस्टेझा हा विषाणुरोग उद्भवून आंबट नारिंगाच्या खुंटावरील लक्षावधी झाडे मेली, कारण सांध्याखाली अन्न उतरेनासे होऊन मुळे उपाशी राहिली. तेव्हा तिकडच्या बागा पुन्हा उभ्या राहिल्या त्या मुख्यतः याच रंगपूरवर. म्हणून माझ्या मते पहिल्या दोन वर्षांतील उंचीवरून कलमाची किंमत करणे ही आपल्या बागायतीतील मोठी चूक आहे.

आता एकाच जातीच्या खुंटावरही फरक का पडतो, ते पाहू. जंबेरीच्या एका बीतून बहुधा एकाहून अधिक रोपे उगवतात. त्यांतली बहुतेक मातेच्या ऊतीपासून निर्माण झाल्यामुळे हुबेहूब मातेसारखी असतात, पण एखादे परागसंयोगातून जन्मलेले, म्हणून निराळ्या स्वभावाचे निघते. अशी विजातीय, विशेषतः खुजी किंवा वेगळ्या पानांची रोपे वाफ्यातच उपटून टाकली नाहीत, तर त्यांच्यावर भरलेला उत्तमातला उत्तम डोळाही वाया जातो. पिशवीत वळून गुंडाळलेले सोटमूळ हेही खुरटेपणाचे एक कारण, आणि ते वरून दिसत नाही. डोळाकाडी रोगट झाडाची असेल, तर मग खुंटाच्या जोरालाही इलाज नाही.

म्हणून बागायतदारांस माझी विनंती अशी, की यंदा कलमांचा इसार देण्यापूर्वी खुंट कोणता, बियाणे कोठले आणि डोळाकाडी कोणत्या झाडाची, याचा तपशील पावतीवर लिहून घ्यावा. दोन-चार पिशव्या फोडून मुळे पाहावीत. आणि लागवड करताना सांधा जमिनीपासून निदान वीतभर वर राहील याची जातीने खातरजमा करावी.