अंड्याला ओव्याचा वास (लेखांक ९)

या आठवड्यात कोंबड्यांच्या खाद्यातल्या ओव्याच्या तेलाच्या मात्रेचा हिशेब मांडायचा ठरला होता. तो पुढे ढकलतोय. मिरजेकडच्या एका वाचकाचा फोन आला आणि त्यांचा प्रश्न मात्रेआधी सुटायला हवा, असं मला वाटलं.

तीन हजार लेअरची शेड, कोंबड्या ऐन उत्पादनात. ही लेखमाला वाचून त्यांनी टनभर खाद्याला १०० ग्रॅम या प्रमाणात ओव्याचं तेल सुरू केलं. "सर, अंड्यालाच ओव्याचा वास येतोय. आईनं ऑम्लेट तोंडात घातलं आणि ताट बाजूला सारलं. आता गिऱ्हाईकही बोलायला लागलंय. बंद करू का तेल?"

मी म्हटलं, चार दिवस थांबा आणि आधी मला तीन गोष्टी सांगा. वास कवचाला येतो का? फोडल्यावर बलकाला जास्त येतो की पांढऱ्याला? आणि तेल सुरू केल्यापासून कितव्या दिवशी आला?

उत्तरं लगेच मिळाली. कवचाला येतो. पांढऱ्याला येतो, बलकाचं नीट सांगता येत नाही. आणि दुसऱ्याच दिवशी आला, पहिल्यापासून इतकाच.

या शेवटच्या उत्तरावर मी अडलो. वास कोंबडीच्या पोटातून आला असता, तर तो असा एकदम आलाच नसता.

कोंबडी कापताना ज्यांनी अंडकोश पाहिलाय त्यांना तो घड आठवेल. एका देठाला लहान-मोठे बलक लगडलेले, सगळ्यात मोठा उद्याचा, त्याहून जरा लहान परवाचा, असे उतरत्या क्रमानं मोहरीच्या दाण्याएवढ्यापर्यंत. एकेक बलक शेवटच्या आठ-दहा दिवसांत झपाट्यानं भरतो. त्याची चरबी यकृतात तयार होते, रक्तातून अंडकोशात येते आणि थरावर थर चढत जाते. चरबीत विरघळणारा जो पदार्थ खाद्यातून अंड्यात उतरतो, तो मुख्यतः याच वाटेनं. झेंडूच्या पाकळ्या घालून बलकाचा रंग ज्यांनी वाढवलाय त्यांना हे पाठ आहे. पहिल्या दिवशी काही दिसत नाही, दोन-तीन दिवसांनी फरक जाणवतो, आणि पूर्ण रंग चढायला दहाएक दिवस जातात. ओव्याच्या तेलाला वास देणारं थायमॉलही चरबीत विरघळणारंच. त्याचा वासही झेंडूच्या रंगासारखा हळूहळू चढायला हवा, आणि तो बलकात असायला हवा.

पांढऱ्याची गोष्ट वेगळी. तो नळीतून जाताना तीनेक तासांत बलकाभोवती गुंडाळला जातो. पण तो जवळजवळ सगळा पाणी आणि प्रथिनं, आणि थायमॉल पाण्यात जेमतेम विरघळतं.

आता मुळात कोंबडीच्या पोटात जातं तरी किती, तेही बघू. लेअर दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते. टनाला १०० ग्रॅम तेल म्हणजे एका कोंबडीच्या वाट्याला ११ मिलिग्रॅम. ड्रॉपरनं टाकलेला एक थेंब ४०-४५ मिलिग्रॅमचा धरला, तर चार कोंबड्यांत मिळून दिवसाला एक थेंब. त्यातलं थायमॉल सुमारे निम्मं. तेही आतड्यातून रक्तात गेलं की यकृत त्याला गंधकाम्लाच्या किंवा ग्लुकुरॉनिक आम्लाच्या रेणूशी बांधतं आणि बरंचसं विष्ठेवाटे बाहेर टाकतं. असं बांधलेलं थायमॉल पाण्यात विरघळतं आणि त्याला वास नसतो. या सगळ्यातून निसटून बलकात पोचतं ते फार थोडं. त्यानं ऑम्लेटचं ताट सारायची पाळी यावी, हे मला पटत नव्हतं.

मग अंडी ठेवता कुठे, असं विचारलं. "खाद्याच्या खोलीतच, सर. तीच एक खोली पक्की आहे, उंदीर शिरत नाहीत."

तिथे सगळं उलगडलं. लेखांक ६ मध्ये मी लिहिलं होतं की तेल थेट ढिगावर ओतू नका. आधी पाच-दहा किलो मक्याच्या भरड्यात चोळा आणि मग तो भरडा टनात मिसळा. हे काम कुठे करायचं, ते लिहायचं माझ्याकडून राहून गेलं. तीन हजार कोंबड्या दिवसाला ३३० किलो खातात, म्हणजे दर तिसऱ्या दिवशी टनभर खाद्य तयार होतं आणि दर तिसऱ्या दिवशी बंद खोलीत १०० ग्रॅम उडणारं तेल हातानं चोळलं जातं. भिंतीला लागून कागदी लगद्याच्या ट्रेंची थप्पी. असा लगदा वास किती धरून ठेवतो, हे कांद्याच्या पोत्याशेजारी ट्रे ठेवलेल्या कुठल्याही दुकानदाराला विचारा.

आणि अंडं बंद डबी नव्हे. त्याच्या कवचाला सात ते सतरा हजार छिद्रं असतात, पिल्लाला श्वास घेता यावा म्हणून. अंडं बाहेर पडतं तेव्हा ते कोंबडीच्या अंगाएवढं, ४१ अंशांच्या आसपास गरम असतं. गार होताना आतला ऐवज आक्रसतो आणि बाहेरची हवा छिद्रांतून आत ओढली जाते. बोथट टोकाची हवेची पोकळी तयार होते ती अशीच. म्हणजे पहिल्या काही तासांत अंडं अक्षरशः श्वास आत घेतं. नेमक्या त्याच तासांत ते ओव्यानं भरलेल्या खोलीत नेऊन ठेवलं जात होतं.

आणखी एक गोष्ट त्यांनी सहज बोलता बोलता सांगितली. शहरातल्या एका दुकानाला स्वच्छ अंडी हवी होती, म्हणून महिन्याभरापासून ते बोअरच्या पाण्यानं अंडी धुऊन देत होते. कवचावर कोंबडीनंच दिलेला पातळ लेप असतो, तो छिद्रांची तोंडं झाकतो. धुतल्यावर, विशेषतः चोळून धुतल्यावर, तो जातो. त्यात पाणी अंड्यापेक्षा गार असेल तर आतला ऐवज आणखी आक्रसतो आणि पाण्यासकट जंतूही आत ओढले जातात. अमेरिकेत अंडी धुतात, पण धुण्याचं पाणी अंड्यापेक्षा किमान २० अंश फॅरनहाइटनं गरम असावं असा तिथे नियम आहे. युरोपात पहिल्या दर्जाची अंडी सर्वसाधारणपणे धुवायलाच मनाई आहे. वासाचं राहू द्या, गार पाण्यानं अंडी धुणं तेवढं आजच बंद करा, असं मी त्यांना कळकळीनं सांगितलं. विष्ठा लागलेलं अंडं कोरड्या कापडानं पुसावं आणि तेवढ्यानं निघत नसेल तर ते वेगळं काढावं.

पण माझा तर्क म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून चाचणी करायला सांगितली. एकाच रांगेतली अंडी एकाच सकाळी पिंजऱ्यापुढून उचलायची, न धुता. निम्मी थेट घरात, नव्या ट्रेमध्ये. निम्मी खाद्याच्या खोलीत. दोन दिवसांनी उकडायची आणि आईंसमोर तीन वाट्या ठेवायच्या, दोनांत एका ठिकाणचं अंडं, तिसरीत दुसऱ्या ठिकाणचं. कुठली वाटी कुठली ते त्यांना सांगायचं नाही. त्यांनी फक्त वेगळी वाटी ओळखायची. मग हेच वाट्यांची जागा बदलून पुन्हा, असं पाच वेळा. खाद्यपदार्थांच्या प्रयोगशाळांत वास आणि चव अशीच तपासतात, त्रिकोणी चाचणी म्हणतात तिला.

रविवारी फोन आला. आईंनी पाचही वेळा खाद्याच्या खोलीतलं अंडं बरोबर ओळखलं. घरात ठेवलेल्या अंड्यांना वास नव्हता, आणि ती अंडी तेच तेल खाणाऱ्या कोंबड्यांची होती. आता मिश्रण शेडमागच्या छपरात होतं, ट्रे नवे आणलेत, तेल चालू आहे.

असाच आळ तेलावर येण्याची आणखी एक शक्यता आहे, ती म्हणजे माशाचा वास. हा माझा फार आवडीचा विषय आहे. शेडमध्ये मोजक्याच कोंबड्यांच्या अंड्यांना माशासारखा वास येतो, बाकीच्यांना नाही, आणि खाद्य तर सगळ्यांना एकच. खाद्यातलं कोलीन, किंवा मोहरीवर्गीय पेंडीतलं सिनापीन, आतड्यातले जंतू फोडतात आणि त्यातून ट्रायमिथिलअमाइन तयार होतं. शिळ्या मासळीला जो वास येतो तो याचाच. निरोगी यकृतातलं एक विकर त्याला बिनवासाचं करून टाकतं. पण तपकिरी अंडी देणाऱ्या काही वाणांत या विकराच्या जनुकात बदल झालेला असतो. आई आणि बाप दोघांकडून तो बदल आलेली कोंबडी हा वास बलकात सोडते. फिनलंडच्या संशोधकांनी २००५ मध्ये हे जनुक दाखवून दिलं. एफएमओ-३ त्याचं नाव. माणसातही याच जनुकातल्या बिघाडानं घामाला आणि श्वासाला माशाचा वास येतो. तेव्हा ऱ्होड आयलंड रेडच्या रक्ताच्या कोंबड्या असतील आणि खाद्यात मोहरीची पेंड असेल, तर आधी पेंड काढून बघा, तेलाला मग हात लावा. पांढऱ्या लेगहॉर्नच्या लेअरमध्ये ही अडचण सहसा येत नाही.

वाचकानं शेवटी विचारलं, "म्हणजे अंड्यात तेल उतरतच नाही ना?" उतरतं, अगदी थोडं, आणि ते उतरावं असंच मला वाटतं. ग्रीसमध्ये थेस्सालोनिकीच्या विद्यापीठात बोत्सोग्लू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेअरच्या खाद्यात थाइम मिसळून पाहिलं. थाइम ही युरोपातली वनस्पती, तिच्या तेलातही आपल्या ओव्यासारखं थायमॉल असतं. १९९७ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार, थाइम खाल्लेल्या कोंबड्यांच्या बलकातली चरबी कमी खवट झाली. बलकात ज्या असंतृप्त चरबीमुळे अंडं पौष्टिक ठरतं, तीच चरबी आधी खवट होते. एप्रिल-मे महिन्यात अंडी फ्रिजशिवाय टेम्पोतून आणि दुकानाच्या फळीवरून फिरतात, तेव्हा हा फरक कामाचा आहे. जवस घालून ओमेगा-३ची अंडी काढणाऱ्यांना तर जास्तच, कारण त्यांच्या बलकातली चरबी अधिक लवकर बिघडते.

ग्रीसच्या त्या प्रयोगात खाद्यात ३ टक्के वाटलेलं थाइम होतं, टनाला ३० किलो. तेलाची मात्रा ग्रॅममध्ये मोजायची आणि पाल्याची किलोत, हे गणित अनेकांचं चुकतं. ओव्याच्या दाण्यात अडीच टक्के तेल धरलं तर टनाला १०० ग्रॅम तेलाऐवजी ४ किलो ओवा लागेल. सध्याचा बाजारभाव विचारून ठेवा, दोन्हींचा. पुढच्या आठवड्यात तिथूनच सुरू करू.