कोरड्या धबधब्यांची वाट

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या पूर्व भागात ‘डेथ व्हॅली’ नावाचे वाळवंटी खोरे आहे. त्याचा तळ समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली, तर पश्चिमेच्या पॅनामिंट रांगेतील टेलिस्कोप शिखर ३,३६६ मीटर उंच. पर्जन्यछायेतल्या ह्या खोऱ्यात वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर पाऊस पडतो. तरीही डोंगरांत शिरण्याच्या वाटा म्हणजे पाण्यानेच कोरलेल्या घळी होत.

पाऊस किती पडतो यापेक्षा तो कसा पडतो, ह्याला तेथे महत्त्व आहे. डोंगर उघडेबोडके, पाणी धरून ठेवायला ना माती, ना गवत. माथ्यावर पडलेली सर थेट घळीत उतरते. ५ ऑगस्ट २०२२ रोजी फर्नेस क्रीक येथे ३७ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्या कोकणात त्याची कोणी दखलही घेतली नसती! तेथे मात्र रस्ते फुटले, मोटारी दगडगोट्यांत रुतल्या आणि सुमारे हजार माणसे अडकून पडली. घळीच्या तोंडाशी लख्ख ऊन असताना वरून लोंढा येऊ शकतो. म्हणून आभाळ पाहायचे ते माथ्यावरचे.

स्टोव्हपाइप वेल्सजवळची मोझेइक घळ ह्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. प्रथम लोंढ्यांनी पसरलेल्या खडीच्या पंखाकृती उतारावरून चढायचे. मग भिंती जवळ येतात. साठ कोटी वर्षांहून जुन्या डोलोमाइटचा येथे संगमरवर झाला आहे, आणि खडीमिश्रित पाण्याने तो घासून गुळगुळीत केला आहे. मध्येच कठीण खडकाची पायरी आडवी येते. तिला ‘कोरडा धबधबा’ म्हणतात. काही कंबरेइतके, तर काही दोन-तीन पुरुष उंच. ज्या गुळगुळीतपणाचे आपण कौतुक करतो, तोच येथे पायाला आधार देत नाही. वर, जेथे पाणी पोचत नाही, तेथे उलट प्रकार: खडक धारदार पण सुटा. प्रत्येक धर हाताने हलवून पाहावी लागते.

खरा प्रश्न उतरताना येतो. चढताना धर डोळ्यांसमोर असते. उतरताना ती पायाखाली, नजरेआड. चढताना घळीला फाटे फुटतात, तेव्हा प्रत्येक फाट्यावर मागे वळून पाहून खूण लक्षात ठेवणे भाग असते. उतरताना हे फाटे एकमेकांस मिळतात, त्यामुळे वाट चुकणार नाही असे वाटते. पण शिखरावरून भलत्याच बाजूच्या घळीत उतरलेला मनुष्य एखाद्या कोरड्या धबधब्यावरून घसरत खाली येतो, आणि पुढचा धबधबा त्याच्या तिप्पट उंच निघतो. मागचा गुळगुळीत, पुढे कडा. दोहोंमध्ये तो अडकतो. जवळचे पाणी संपत आलेले असते, आणि घळीत पाण्याचा थेंब नसतो. म्हणूनच जे परत उतरता येणार नाही ते चढू नये आणि जे परत चढता येणार नाही त्यावरून घसरू नये, असा जाणत्यांचा दंडक आहे.

हंगाम नोव्हेंबर ते मार्च. तेव्हाही दिवसाला माणशी चार लिटर पाणी बरोबर लागतेच. शिखरांवर त्या काळात बर्फ असते. तेथील मूळचे रहिवासी टिंबिशा शोशोनी लोक हिवाळा खोऱ्यात काढीत आणि उन्हाळ्यात पॅनामिंटच्या उंच भागात जात. पुढे शरदात पाइनच्या बिया गोळा करून ते पुन्हा खाली येत.