थायरॉइड ग्रंथी काढल्यानंतर : व्रण, वण आणि वैद्याचे कर्तव्य

सांगवी, पिंपळे गुरव, दापोडी या परिसरातील चिकित्सालयांत गळ्याच्या पायथ्याशी आडवी रेघ असलेले रुग्ण वैद्यांना नवीन नाहीत. त्यांत स्त्रियांची संख्या अधिक असते, कारण थायरॉइडचे विकारच स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक आढळतात. कोणाची ग्रंथी कर्करोगामुळे काढलेली असते, कोणाची श्वासनलिकेवर दाब देणाऱ्या मोठ्या गलगंडामुळे, तर कोणाची औषधांना न जुमानणाऱ्या अतिस्रावामुळे. शस्त्रक्रिया पार पडलेली असते, टाके वाळलेले असतात आणि रुग्ण आपल्याकडे तीन प्रश्न घेऊन येतो. वण जाईल का? मान आणि आवाज पूर्ववत होईल का? रोजची गोळी कधी बंद होईल?

पहिल्या दोन प्रश्नांना आपल्या शास्त्राजवळ चांगले उत्तर आहे. तिसऱ्याचे उत्तर ग्रंथी किती काढली यावर ठरते, आणि तेथे वैद्याने दिलेला चुकीचा दिलासा रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो. या तिन्ही प्रश्नांचा विचार व्हावा, म्हणून हे लेखन.

शस्त्रकर्माचे स्वरूप

गळपट्टीच्या हाडांच्या थोडे वर, शक्यतो त्वचेच्या नैसर्गिक घडीत आडवा छेद घेतात. पुढील पट्टीसारखे स्नायू मध्यरेषेवर विलग करून ग्रंथीपर्यंत पोहोचतात. ग्रंथीचा एक भाग काढला की ते अर्धे शस्त्रकर्म, संपूर्ण काढली की पूर्ण. या ठिकाणी दोन गोष्टी जपाव्या लागतात. एक, स्वरयंत्राला हालचाल देणारे मज्जातंतू. दुसरी, ग्रंथीच्या मागे असलेल्या, बहुधा चार, इवल्याशा पॅराथायरॉइड ग्रंथी. रक्तातील कॅल्शियमचे नियमन त्यांच्याकडे असते.

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात कंठनाडीच्या दोन्ही बाजूंस मिळून दोन नीला व दोन मन्या अशी चार मर्मे सांगितली आहेत आणि त्यांच्या आघाताने मूकता, स्वरवैकृत व रसज्ञानाचा नाश होतो असे म्हटले आहे. आजचा स्वरयंत्राचा मज्जातंतू म्हणजेच हे मर्म, असे समीकरण मांडण्याचे कारण नाही. परंतु गळ्याच्या या भागावर शस्त्र चालविताना स्वराला धोका असतो, हे निरीक्षण किती जुने आहे ते यावरून ध्यानात येते.

प्रथम ओळखावयाची धोक्याची लक्षणे

रुग्ण साधारणतः एक ते तीन दिवसांत घरी येतो. गिळताना दुखणे, घसा खवखवणे, आवाज थोडा बसणे ही लक्षणे भुलीच्या वेळी घातलेल्या नळीमुळेही असू शकतात व काही दिवसांत शमतात. पुढील लक्षणे मात्र वेगळी समजावीत.

१) मान अकस्मात फुगणे, ताणल्यासारखी होणे, श्वासाला अडथळा. हा आत रक्तस्राव झाल्याचा इशारा असू शकतो. पहिल्या एकदोन दिवसांत याचा संभव अधिक. रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. सांगवीकरांस औंधचे जिल्हा रुग्णालय किंवा पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय जवळ पडते.

२) ओठांभोवती व बोटांच्या टोकांना मुंग्या येणे, हातापायांत गोळे येणे, बोटे वळणे. पूर्ण ग्रंथी काढलेल्या रुग्णात पहिल्या काही दिवसांत कॅल्शियम उतरल्याने असे होते. लक्षणे पाहता वातप्रकोपाचे निदान सहज सुचते, आणि धोका नेमका तेथेच आहे. अभ्यंग-स्वेदनात वेळ न दवडता त्याच दिवशी रक्ततपासणी व शल्यविशारदांचा सल्ला घ्यावा.

३) ताप, व्रणाभोवती वाढती लाली, पू, उग्र वेदना.

४) पाणी पिताना ठसका लागणे, किंवा आवाज काही आठवड्यांनंतरही न सुधारणे. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्राची तपासणी करवून घ्यावी. स्वराचे व्यायाम वेळेवर सुरू झाल्यास लाभ होतो.

पहिले पंधरा दिवस

स्वच्छ, नीट सांधलेल्या व्रणावर या काळात काहीही लावावयाचे नसते. हळद, तूप, तेल, लेप यांचा मोह वैद्याने स्वतः टाळावा व घरातील वडीलधाऱ्यांनाही टाळावयास सांगावे. व्रण कोरडा ठेवणे, पट्टी शल्यविशारदांच्या सूचनेप्रमाणे बदलणे, स्नानानंतर मऊ कापडाने टिपून घेणे एवढे पुरे.

आहारविहारासाठी सुश्रुताच्या सूत्रस्थानातील व्रणितोपासनीय अध्याय आजही मार्गदर्शक आहे. जुन्या तांदळाचा मऊ भात, मुगाचे वरण, साजूक तूप, पातळ भाजी, पेज असे कोमट, स्निग्ध व लघु अन्न गिळण्यास सोपे व पचनास हलके पडते. नवे धान्य, उडीद, तीळ, कुळीथ, पावटे, अतितिखट व आंबट वर्ज्य. दिवसा झोपू नये, निवारा स्वच्छ असावा, आणि आप्तस्नेह्यांनी गोड बोलून वेदनेचा विसर पाडावा, असेही तेथे सांगितले आहे. कर्करोगाचे निदान झालेल्या रुग्णास या शेवटच्या उपचाराची गरज किती असते, हे वेगळे सांगावयास नको.

टाके तुटतील या भयाने अनेक रुग्ण मान ताठ धरून बसतात आणि आठ दिवसांत खांदे व मानेचा मागील भाग जखडून घेतात. शल्यविशारदांची अनुमती घेऊन मान सावकाश डावीउजवीकडे वळविणे, खांद्याकडे झुकविणे, हनुवटी खाली आणणे, खांदे फिरविणे या हालचाली दिवसातून तीन वेळा, वेदना न होईल इतपतच कराव्यात. भरलेली बादली, गॅसचे सिलिंडर, लहान मूल उचलणे दोनतीन आठवडे टाळावे. मागे वळून सहज पाहता येईपर्यंत दुचाकी चालवू नये. सांगवी-औंध रस्त्यावरील रहदारीत न वळणारी मान अपघातास निमंत्रण ठरते.

वणाची निगा

व्रण भरला म्हणजे काम संपले, असे आपले शास्त्र मानीत नाही. सुश्रुताने चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात व्रणाचे साठ उपक्रम सांगितले, त्यांत वर्ण पूर्ववत करणारे कृष्णकर्म व पांडुकर्म, उंचवटा उतरविणारे अवसादन, खळगा भरणारे उत्सादन यांचा समावेश आहे. ज्यात गाठ, सूज व वेदना नाही, जो त्वचेच्या वर्णाचा व समतल झाला, तोच व्रण सम्यक रूढ, हा त्यांचा निकष. वाग्भटाचार्य तर व्रण भरल्यावरही अजीर्ण, व्यायाम, व्यवाय, हर्ष-क्रोध-भयाचा अतिरेक यांपासून सहा-सात महिने जपावयास सांगतात.

हा कालावधी आधुनिक निरीक्षणाशी चांगला जुळतो. पहिले काही दिवस शोथाचे, पुढील तीनएक आठवडे नव्या धातूच्या निर्मितीचे आणि त्यानंतर सहा महिने ते वर्षभर, क्वचित अधिक काळ, त्या धातूच्या फेररचनेचे. दुसऱ्या महिन्याच्या सुमारास वण लाल, टणक व उठून दिसतो. रुग्ण घाबरतो तो याच वेळी. हा टप्पा येणार हे त्यास आधीच सांगून ठेवले, तर नाना मलमांवरील खर्च व मनस्ताप दोन्ही वाचतात. सावळ्या त्वचेत काळसरपणा उतरण्यास अधिक महिने लागतात, हेही सांगावे.

वणाच्या निगेचा क्रम असा ठेवावा.

मर्दन : खपली पूर्ण गळून त्वचा सांधल्यावर, साधारण तीन-चार आठवड्यांनी आरंभ करावा. दोन बोटांच्या अग्रांनी वणावर लहान वर्तुळे काढीत, त्वचा खालच्या थरावर सरकेल इतक्या दाबाने, दिवसातून दोनतीन वेळा पाच मिनिटे मर्दन करावे. खोबरेल तेल, तिळतेल वा शतधौत घृत यांपैकी जे मानवेल ते घ्यावे. गुण द्रव्यापेक्षा हाताचा व सातत्याचा अधिक आहे. गिळताना वण वर ओढला जातो, ही तक्रारही याने बहुधा काही महिन्यांत सैल पडते.

सिलिकॉन : उठाव येणाऱ्या वणासाठी सिलिकॉनची पट्टी किंवा जेल सर्वमान्य आहे. पट्टी दिवसाचे बारा तास वा अधिक, दोनतीन महिने वापरावी लागते. रुग्णास ती सुचविण्यात वैद्याला कमीपणा नाही.

ऊन : कोवळा वण उन्हाने काळवंडतो. किमान सहा महिने पदर, ओढणी वा रुमालाचे आच्छादन आणि बाहेर पडताना सूर्यप्रतिबंधक मलम असावे.

घर्षण : मंगळसूत्राची वाटी, हेल्मेटचा पट्टा, भोसरी-चाकणच्या कारखान्यांतील गणवेशाची ताठ कॉलर आणि ओळखपत्राची फीत, ही सर्व वणावरच घासतात. मंगळसूत्र काही काळ लांब करून घ्यावे, फीत खिशाला अडकवावी, पट्ट्याखाली मऊ सुती कापड ठेवावे.

वण उंचावला, परंतु मूळ रेषेच्या आतच राहिला, तर तो बहुधा कालांतराने बसतो. मूळ व्रणाची मर्यादा ओलांडून पसरू लागला, खाजू वा दुखू लागला तर तो किलॉइड समजावा. कान टोचल्याच्या जागी पूर्वी गाठ आली होती का, हे आरंभीच विचारावे. अशा वणावर क्षार, अग्निकर्म, भल्लातक वा लिंबाचा रस यांचा प्रयोग गळ्याच्या दर्शनी भागी करू नये. त्वचारोगतज्ज्ञांकडील इंजेक्शनादी उपचार वेळेवर घडू द्यावेत.

गोळीचा प्रश्न

स्वित्झर्लंडचे शल्यविशारद थिओडोर कोखर यांनी थायरॉइडचे शस्त्रकर्म सुरक्षित केले आणि त्यासाठी त्यांना १९०९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु १८८३ मध्ये जुन्या रुग्णांची फेरतपासणी करताना त्यांच्या ध्यानात आले की, ज्यांची ग्रंथी संपूर्ण काढली होती ते रुग्ण सुजलेले, मंद व निरुत्साही झाले आहेत. व्रण उत्तम भरला होता. रुग्ण खालावला होता. तेव्हा उपाय नव्हता. १८९१ मध्ये इंग्लंडचे जॉर्ज मरे यांनी अशाच अवस्थेतील एका स्त्रीस मेंढीच्या ग्रंथीचा अर्क देण्यास आरंभ केला व ती पुढे अठ्ठावीस वर्षे जगली. आजची थायरॉक्सिनची गोळी ही त्याच परंपरेतील. ती उणीव भरून काढते. या अर्थाने ती औषधापेक्षा आहाराच्या जवळची आहे.

कांचनार गुग्गुळ हा गंडमाळा-ग्रंथीवरील नामांकित कल्प आहे, तथापि जी ग्रंथी शरीरात उरलीच नाही तिला तो चेतविणार कसा? ग्रंथी संपूर्ण काढलेल्या रुग्णाची गोळी आयुष्यभराची आहे, हे वैद्याने निःसंदिग्ध शब्दांत सांगावे. अर्धी ग्रंथी शिल्लक असेल तर काहींना गोळी लागत नाही, पण तो निर्णय टीएसएच तपासूनच व्हावा.

फसगत कशी होते, तेही समजून घ्यावे. थायरॉक्सिनचे रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे गोळी बंद केल्यावर आठ-दहा दिवस रुग्णास विशेष काही जाणवत नाही. दरम्यान सुरू केलेल्या काढ्याला श्रेय मिळते. जुन्या सांगवीतील एक रुग्णा शेजारणीच्या सल्ल्याने गोळी सोडून अडीच महिन्यांनी आमच्याकडे आली, ती चेहऱ्यावर सूज, मलावष्टंभ, थंडी सहन न होणे आणि जिने चढताना धाप या तक्रारी घेऊन. प्रथमदर्शनी हे अग्निमांद्य व कफप्रकोपाचे चित्र होते. गळ्यावरील रेघ पाहून प्रश्न विचारला, तेव्हा उलगडा झाला. तिच्या शल्यविशारदांच्या सल्ल्याने गोळी पुन्हा सुरू झाली व काही आठवड्यांत लक्षणे ओसरली.

गोळी पहाटे रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यावी. चहा, दूध, न्याहारी अर्ध्या ते एका तासाने. रात्रपाळीच्या कामगारास रिकाम्या पोटाची एक ठरावीक वेळ नेमून द्यावी. कॅल्शियम व लोह या गोळीचे शोषण रोखतात. म्हणून शंख, प्रवाळ, मुक्ताशुक्ती, कपर्दिका, गोदंती ही भस्मे, तसेच लोह-मंडूर व ते ज्यांत आहेत असे आरोग्यवर्धिनी, चंद्रप्रभा यांसारखे कल्प गोळीनंतर किमान चार तासांनी द्यावेत. रुग्ण कॅल्शियम व ड जीवनसत्त्व आधीच घेत असेल तर ही भस्मे रक्तातील कॅल्शियम पाहिल्याविना देऊ नयेत. मात्रा ठरली वा बदलली की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासतात. कर्करोगाच्या काही रुग्णांत टीएसएच मुद्दाम कमी ठेवतात. असा अहवाल पाहून मात्रा जास्त झाली असे सांगू नये.

कर्करोगाच्या काही रुग्णांना पुढे किरणोत्सारी आयोडीन दिले जाते. भाभा अणुसंशोधन केंद्राचे परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून या क्षेत्रात कार्य करीत आहे. या उपचारापूर्वी एकदोन आठवडे आयोडीन अत्यल्प असलेला आहार सांगतात. त्या काळात समुद्रज द्रव्यांचे कल्प थांबवावेत.

वैद्याच्या केसपेपरवर

गळ्यावर वण दिसलेल्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर चार नोंदी असाव्यात : ग्रंथी अर्धी काढली की पूर्ण, तिच्या तपासणीचा अहवाल काय आला, शेवटचे टीएसएच किती व कधीचे, आणि कॅल्शियम सुरू आहे काय. या नोंदी झाल्यावर अग्नी, निद्रा, मलप्रवृत्ती, बल व मनःस्वास्थ्य यांसाठी आपल्या औषधांस पुष्कळ वाव आहे, आणि ती निःशंकपणे योजता येतात. नोंदी नसतील, तर प्रथम कागदपत्रे मागवावीत आणि मगच औषध लिहावे.