बॉडी की लेन्स? कॅमेऱ्यावरील खर्चाचा ताळेबंद

व्यापारी कुटुंबात पूर्वी कॅमेरा लग्नकार्यापुरता कपाटाबाहेर निघत असे. आता तो दुकानाच्या कामालाही लागला आहे. नव्या मालाची छायाचित्रे सकाळी ग्राहकांच्या मोबाईलवर पोहोचली, तर दुपारपर्यंत मागणी येऊ लागते. साहजिकच घरातील तरुण मंडळी म्हणतात, ‘कॅमेरा जुना झाला, नवा घेऊ.’ ज्येष्ठ विचारतात, ‘चालतो आहे ना, मग कशाला?’ दोन्ही बाजूंचे म्हणणे अर्धेच बरोबर असते. कॅमेरा म्हणजे वस्तुतः दोन वस्तूंची जोडी आहे. प्रकाश गोळा करून प्रतिमा घडविणारी ती लेन्स आणि ती प्रतिमा टिपून साठविणारी ती बॉडी. खर्च करावयाचा तो या दोहोंपैकी कशावर, हे ठरल्याशिवाय होय किंवा नाही म्हणण्यात अर्थ नाही.

बँकेत कर्जाचा प्रस्ताव येतो तेव्हा अर्जदार लिहितो, ‘नवे यंत्र हवे.’ अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, ‘काम नेमके कोठे अडते?’ कापड रंगाईत अडत असेल तर नवा माग घेऊन उत्पादन वाढत नाही. कॅमेऱ्याच्या बाबतीत हाच प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर विक्रेत्याकडे किंवा जाहिरातीत शोधण्याचे कारण नाही. ते आपल्याच जुन्या छायाचित्रांत असते.

बिघडलेल्या छायाचित्रांची वर्गवारी

अलीकडे काढलेली दोनशे छायाचित्रे संगणकावर उघडावीत आणि त्यांतील बिघडलेली तेवढी बाजूला काढावीत. मग त्यांचे चार गठ्ठे करावेत. पहिला, अंधुक प्रकाशात हललेली किंवा खरखरीत दाणेदार आलेली. दुसरा, फोकस भलतीकडेच बसलेली. तिसरा, वस्तू फार लहान आलेली अथवा चौकटीत न मावलेली. चौथा, रंग चुकलेली. प्रत्येक छायाचित्राच्या फाईलमध्ये लेन्सचे अंतर, छिद्राचा आकडा, शटरचा वेग आणि आयएसओ यांची नोंद असते, तीही पाहावी. कोणता गठ्ठा मोठा आहे, यावरून खर्चाची दिशा ठरते.

उदाहरणासाठी सर्वसाधारण घरात असणारी जोडी घेऊ. २०१८ मध्ये आलेली कॅननची ईओएस १५००डी ही बॉडी आणि तिच्यासोबत मिळणारी १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स. बॉडी २४ मेगापिक्सेलची आहे, म्हणजे सुमारे ६००० गुणिले ४००० बिंदूंची. ३०० डीपीआयच्या उत्तम छपाईलाही यातून वीस इंच रुंद चित्र निघते. मोबाईलच्या पडद्यावर तर त्यातील थोडेच बिंदू वापरले जातात. तेव्हा ‘मेगापिक्सेल कमी पडतात’ हे कारण बहुतेक घरांत टिकत नाही.

प्रकाशाचे गणित

पहिला गठ्ठा बहुधा सर्वांत मोठा निघतो. सायंकाळी घरात किंवा मंगल कार्यालयात काढलेली छायाचित्रे त्यात असतात. लेन्सचे छिद्र किती उघडते हे ‘एफ’च्या आकड्याने सांगतात. आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे, आणि येणारा प्रकाश त्या आकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. किट लेन्स ५५ मिलिमीटरवर एफ ५.६ पर्यंतच उघडते. त्याच कंपनीची ५० मिलिमीटरची साधी लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते. ५.६ ला १.८ ने भागून वर्ग केला तर उत्तर साडेनऊच्या वर येते. म्हणजे तेवढ्याच वेळात साडेनऊपट प्रकाश. जेथे सेकंदाच्या पंधराव्या भागात हात हलून चेहरा पुसट येत होता, तेथे १/१२५ सेकंदात तो स्थिर मिळतो.

आता दुसरी बाजू पाहू. याच त्रासावर उपाय म्हणून मोठ्या सेन्सरची, म्हणजे फुल-फ्रेम बॉडी घेतली तर? फुल-फ्रेम सेन्सर ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा असतो, १५००डीचा २२.३ गुणिले १४.९ चा. क्षेत्रफळांचे प्रमाण सुमारे २.६ येते. छिद्राचा आकडा तोच ठेवला तर एकूण प्रकाशात लाभ तेवढाच. एकीकडे लाखाच्या पुढे जाणारा खर्च आणि अडीचपटीचा लाभ. दुसरीकडे त्या रकमेचा अगदी लहान हिस्सा आणि साडेनऊपटीचा लाभ. नव्या सेन्सरमध्ये तंत्राची सुधारणा असते हे खरे, पण एवढे अंतर तिने भरून निघत नाही.

याहून विचित्र स्थिती तेव्हा होते, जेव्हा सर्व रक्कम बॉडीवर संपते आणि तिला जुनीच किट लेन्स लावली जाते. ती लेन्स लहान सेन्सरसाठी घडविलेली असते. कॅननच्या फुल-फ्रेम मिररलेस बॉडीवर ती जोडली की बॉडी आपोआप सेन्सरचा मधला भागच वापरते आणि २४ मेगापिक्सेलचे नऊ-साडेनऊ उरतात. मोठ्या सेन्सरसाठी पैसे मोजावयाचे आणि वापरावयाचा लहान, असा तो व्यवहार होतो.

मोठ्या छिद्राच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. एफ १.८ वर फोकसची खोली फार थोडी असते. तीन रांगांत उभे असलेले कुटुंब त्यात स्पष्ट येणार नाही. अशा वेळी छिद्र लहान करून, छताकडे वळवलेल्या बाह्य फ्लॅशचा उजेड घ्यावा लागतो. शिवाय १५००डीसारख्या बॉडीवर ५० मिलिमीटरची लेन्स फुल-फ्रेमवरील ८० मिलिमीटरसारखी वागते. लहान खोलीत मागे सरकावयास जागा राहत नाही. त्यासाठी २४ मिलिमीटरची एफ २.८ लेन्स अधिक सोयीची.

दुकानाची गरज निराळी

घरातील समारंभाचे गणित दुकानाला जसेच्या तसे लागू पडत नाही. दागिना किंवा साडी हलत नाही. कॅमेरा तिपाईवर ठेवून शटर सेकंदभर उघडे ठेवले तरी चालते. तेथे मोठ्या छिद्राचा उपयोग कमी; किती जवळ जाता येते ते महत्त्वाचे.

५० मिलिमीटरच्या त्या साध्या लेन्सने सर्वांत जवळून घेतले, तरी चौकटीत दहा-साडेदहा सेंटिमीटर रुंदीची जागा येते. बांगडी त्यात छान बसते, पण अंगठी लहान दिसते आणि खड्याचा पैलू कळत नाही. मॅक्रो लेन्स वस्तू सेन्सरवर तिच्या मूळ आकाराएवढी उतरविते. म्हणजे सव्वादोन सेंटिमीटरची जागा पूर्ण चौकट व्यापते. सराफी व्यवसायासाठी ही लेन्स घेणे म्हणजे थेट मालाच्या विक्रीवर केलेला खर्च होय. ती एफ ८ किंवा एफ ११ वर, तिपाईवरच वापरावी.

कापडाच्या व्यापारात चौथा गठ्ठा, म्हणजे चुकलेला रंग, हा खरा शत्रू. चित्रात मोरपंखी दिसलेली साडी हातात निळी निघाली की ती परत येते. जाण्यायेण्याचे भाडे अंगावर पडते आणि ग्राहकाचा विश्वास कमी होतो तो वेगळा. या दोषावर नवी बॉडी हा उपाय नाही आणि नवी लेन्सही नाही. दुकानातील पिवळट दिवा, खिडकीतून येणारा निळसर उजेड आणि समोरच्या रंगीत भिंतीचे परावर्तन एकत्र आले की कोणताही कॅमेरा गोंधळतो. एकाच प्रकारचे, रंग अचूक दाखविणारे (सीआरआय ९० वा अधिक) दोन दिवे, पांढरा पडदा आणि पांढऱ्या किंवा राखी कागदावर जुळविलेला व्हाइट बॅलन्स एवढ्याने बरेचसे काम होते. येथे खर्चाचा क्रम दिवे, तिपाई, मग लेन्स असा लागतो.

बॉडी केव्हा बदलावी

याचा अर्थ बॉडीवरील खर्च नेहमीच अनाठायी, असे नाही. दुसरा गठ्ठा मोठा असेल तर तो बॉडीकडेच बोट दाखवितो. १५००डीमध्ये दृश्यदर्शकातून पाहताना फोकसचे नऊच बिंदू आहेत आणि सेकंदाला तीनच चित्रे निघतात. पळणारे नातवंड किंवा मैदानावरील खेळाडू तिच्या हाती सहज लागत नाही. आजच्या मिररलेस बॉडी डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवतात. ही सोय कोणतीही लेन्स आणून देऊ शकत नाही.

आणखी काही कारणे योग्य ठरतात. व्याख्यानात किंवा धार्मिक विधीत शटरचा आवाज नको असेल तर मिररलेसचे निःशब्द शटर कामी येते. घरातील कोणी मोबदला घेऊन लग्नाची छायाचित्रे काढत असेल, तर एकाच वेळी दोन कार्डांवर नोंद करणारी बॉडी हवी. कारण तो दिवस पुन्हा येत नाही. मालाचे ४के चित्रीकरण करावयाचे असेल तर पूर्ण एचडीवर थांबणारी बॉडी अपुरी पडते. आणि प्राथमिक श्रेणीच्या बॉडीचे शटर साधारण लाखभर उघडझापींनंतर थकले असे मानतात. दुरुस्तीचा खर्च जुन्या बॉडीच्या किमतीला भिडू लागला की निरोप द्यावा.

माउंट : आधी नाते तपासा

लेन्स घेण्यापूर्वी तिची जोडणी, म्हणजे माउंट, तपासणे अगत्याचे आहे. कॅननचे ईएफ माउंट १९८७ मध्ये आले. २०१८ मध्ये कंपनीने मिररलेससाठी आरएफ माउंट आणले आणि नव्या लेन्सचा ओघ तिकडे वळला. ईएफ लेन्स अडॅप्टर लावून आरएफ बॉडीवर स्वयंचलित फोकससह चालते; उलट आरएफ लेन्स जुन्या बॉडीवर बसतच नाही. म्हणून आज घेतलेली ईएफ लेन्स उद्याच्या बॉडीवरही कामास येते. मात्र वर्षभरात मिररलेसकडे जाण्याचे निश्चित असेल, तर महागड्या ईएफ लेन्सवर रक्कम अडकवू नये.

निकॉनच्या ग्राहकांनी अधिक सावध असावे. तेथे १९५९ पासूनचे एफ माउंट आणि २०१८ चे झेड माउंट असा भेद आहे. जुन्या एएफ-डी प्रकारच्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नसते. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर त्या बसतात, पण फोकस हाताने करावा लागतो.

घसारा, कर आणि पावसाळा

१९९० मध्ये आलेली कॅननची ५० मिलिमीटर एफ १.८ लेन्स, सुस्थितीत असल्यास, आजही अडॅप्टरने नव्या बॉडीवर चालते. २००३ ची सहा मेगापिक्सेलची ३००डी बॉडी मात्र आज क्वचितच कोणी वापरते. आयकराच्या वहीत दोन्ही यंत्रसामग्रीतच मोडतात आणि घसाऱ्याचा सर्वसाधारण दर १५ टक्के असा एकच आहे. बाजाराच्या वहीत मात्र बॉडीची किंमत झपाट्याने उतरते आणि चांगल्या लेन्सची सावकाश.

खरेदी धंद्यासाठी असेल तर बिल दुकानाच्या नावाने, जीएसटी क्रमांकासह घ्यावे. १८ टक्के कराची वजावट घेतल्यास ती रक्कम घसाऱ्याच्या किमतीत पुन्हा धरता येत नाही. एका दिवसात एका व्यक्तीला दहा हजारांहून अधिक रक्कम रोखीने दिली, तर तेवढ्या खर्चावर घसारा मिळत नाही. आणि घरच्या समारंभासाठी घेतलेला कॅमेरा दुकानाच्या खात्यात घालू नये.

लेन्सचे दीर्घायुष्य गृहीत धरू नये. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तिच्या आत बुरशी धरते आणि काचेवरील लेप कायमचा खराब होतो. चामडी पिशवीत ठेवण्याऐवजी हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावी. आत लहान आर्द्रतामापक ठेवून आकडा ४० ते ५० टक्क्यांत राहील असे पाहावे. वापरलेली लेन्स घेताना आतून विजेरी मारून बुरशीचे जाळे दिसते का, छिद्राच्या पात्यांवर तेल आहे का आणि जवळचा व दूरचा फोकस नीट बसतो का, हे तपासावे. वापरलेल्या बॉडीच्या शटरची मोजणी विचारावी.

निर्णयाचा क्रम

सारांश असा. प्रथम चार गठ्ठे करावेत. रंग चुकत असेल तर दिवे घ्यावेत. अंधार किंवा अंतर अडवत असेल तर लेन्स घ्यावी. फोकस, वेग, आवाज किंवा चित्रीकरण अडवत असेल तर बॉडी बदलावी, आणि तेव्हा तिच्यासाठी योग्य लेन्सची तरतूद त्याच अंदाजपत्रकात ठेवावी. शंका राहिली तर हवी असलेली लेन्स किंवा बॉडी दोन दिवस भाड्याने आणून आपल्याच दुकानात, आपल्याच घरात वापरून पाहावी. मोठ्या शहरांत ही सोय आहे आणि तिचे भाडे चुकीच्या खरेदीपुढे नगण्य असते.

ही वर्गवारी घरातील ज्येष्ठ आणि तरुण यांनी एकत्र बसून करावी, अशी माझी शिफारस आहे. ‘हवे’ आणि ‘कशाला’ या दोन शब्दांत अडकलेला वाद छायाचित्रे समोर आली की लवकर मिटतो. मुलाला आपली मागणी आकड्यांनी मांडण्याची सवय लागते, वडिलांना नव्या साधनाची खरी उपयुक्तता कळते, आणि रक्कम जेथे अडचण आहे तेथेच खर्ची पडते.